पाव्हण्यांचा गोल

सावंतवाडी,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. दत्तूमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं आणि मामीचं ठीक असेल. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी देवबागच्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. शिवाय कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

कॉलेजात फुटबॉलची कोच म्हणून लागले त्याला आता पाच महिने होतील. कालचा सामनाही हरलो, पण एकाच गोलने. संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष गुरुप्रसादशेठ यांनी बोलावून चहा दिला. म्हणाले, यंदा जिल्ह्यात तीन कॉलेजांनी नवे कोच घेतले. कणकवलीचा प्रीतम सगळे सामने जिंकतो, मालवणचा सिद्धेश निम्मे तरी जिंकतो, आपलं अजून खातंच उघडलेलं नाही. मोसम संपायच्या आत एक तरी सामना जिंकला तर नेमणूक पुढे चालू, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. ते रागावले असते तर बरं झालं असतं. चहा मात्र छान होता.

मामा, तुम्ही उभा जन्म शाळेत खेळ शिकवलात. एकदा येऊन माझं काम बघा आणि कुठे चुकतं ते सांगा. मला ही नोकरी मनापासून आवडते, ती जायला नको आहे. आईला यातलं कळवू नका, ती नांदगावहून लगेच स्थळं पाठवायला लागेल.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया हरण्याजिंकण्यावर ठेवू नका, एवढंच मागणं.

तुमची,
प्राजक्ता

देवबाग,
१४ डिसेंबर २०२५

चि. प्राजक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा गुरुप्रसादशेठना नावं ठेवली. मी एसटीने फिरून तिन्ही कोचांचे सामने बघून आलो. तुझ्या सामन्याला आंब्याखाली टोपी ओढून बसलो होतो. तुला दिसलो नाही, म्हणजे तुझं लक्ष खेळावर होतं. हा तुझा पहिला गुण.

प्रीतमचं काम चोख आहे. पण त्याला गेल्या वर्षीचा तयार संघ मिळाला. ती पोरं पास होऊन गेली की त्याची खरी परीक्षा. सिद्धेश मेहनती, पण शिट्टी फार वाजवतो. त्याची पोरं चेंडूपेक्षा शिट्टीकडे जास्त बघतात.

आता तू. तुझा नंबर तिसरा, रुसून बसू नको. तुझी पोरं एक गोल मारला की घाबरून सगळी मागे येतात आणि आपल्याच गोलपाशी गर्दी करतात, जत्रेत दशावतार बघायला बसावं तशी. तो बाबू चांगला पळतो, त्याला पुढेच ठेव. मात्र सुरुवातीला गोलांची रास खाणारा संघ आता एका गोलने हरतो, हेही मला तिथे कळलं. बाहेर बसलेली राखीव पोरंसुद्धा हिरिरीने खेळ बघत होती. असं फुकट होत नाही.

गुरुप्रसादशेठ बाजारात भेटले. मोसम संपला की बैठकीला येऊन तिन्ही कोचांबद्दल मत द्या म्हणाले. मी सांगितलं, त्यातली एक माझी भाची. तर म्हणतात, "मास्तर, ह्या जिल्ह्यात नात्याभायलो माणूस मी खंयसून हाडू?" इथे सगळेच एकमेकांचे नातलग, तेव्हा मी येणार, पण माझ्याकडून सवलतीची आशा धरू नको.

मामीने कुळथाची पिठी पाठवली आहे. प्रकृतीला जप आणि आमची आठवण पिठीपुरती ठेवू नको.

तुझा,
दत्तूमामा

सावंतवाडी,
१ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल आंब्याखाली तुम्हाला पाहिलं. न भेटताच का गेलात? शेवटचा सामना, तोही प्रीतमच्या संघाशी, आणि तुमची पाठ तेवढी दिसली. तुम्ही लांब होतात, सगळं ऐकू गेलं नसेल, म्हणून लिहिते.

मैदान नवं केलेलं, म्हणून अध्यक्षांनी देवाला गाऱ्हाणं घालायला गावचे मानकरी बाळाकाका यांना आणलं. बाळाकाका लग्नाला, विहिरीला, जत्रेला एकच गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवला, पोरांना यश मागितलं, आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं. आणि मग सवयीने त्यांनी शेवटचं जोडलं, "इलेल्या पाव्हण्यांका रिकाम्या हातान धाडू नको रे म्हाराजा." आम्ही सगळे हात जोडून पुन्हा "होय म्हाराजा". मीही म्हटलं. अध्यक्षांचा आवाज तर सगळ्यांच्या वर. काय मागितलं ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबूने गोल मारला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोरं मागे आली नाहीत, शेवटपर्यंत पुढे खेळली. शिट्टी व्हायला आली आणि पाव्हण्यांनी बरोबरी केली. मी मैदानामागे जाऊन रडले. बाबू पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आपणच मागलेला, मगे देव तरी काय करतलो?" तेव्हा रडता रडता हसायला आलं.

बरोबरी म्हणजे विजय नव्हे, हे मला कळतं. रविवारी बैठकीत खरं तेच सांगा. नोकरी गेली तर वाईट वाटेल, पण पोरं काल फार सुंदर खेळली.

निकाल काहीही लागो, तुमच्या अंगणात मला पूर्वीसारखी जागा असू द्या.

तुमची,
प्राजक्ता

देवबाग,
९ फेब्रुवारी २०२६

चि. प्राजक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कालची बैठक झाली. मी खरं तेच सांगितलं. प्रीतम पहिला, सिद्धेश दुसरा, तू तिसरी. पण ज्या संघाला जुलैत चेंडू अडवता येत नव्हता, त्याने वर्षभर न हरलेल्यांना शेवटच्या घटकेपर्यंत मागे ठेवलं, तिघांत एवढी मजल दुसऱ्या कोणी मारली नाही, हेही सांगितलं.

गुरुप्रसादशेठ म्हणाले, सगळं खरं, पण सामना जिंकला नाही त्याचं काय? मी विचारलं, पाव्हण्यांना रिकाम्या हाताने धाडू नको, याला सगळ्यात मोठ्याने होय कोण म्हणालं? बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण म्हणाले सगळेच होते. मी म्हटलं, देवासमोर तुम्ही पाव्हण्यांना कबूल केलंत आणि ते पोरीच्या नोकरीतून वळतं करणार काय? शेठ इतके हसले की चहा धोतरावर सांडला. मग म्हणाले, "पोरीन संघ उभो केल्यान, ह्या खरा." तुझी नेमणूक आणखी दोन वर्षं पक्की. कागद येईल, पण मामीला धीर नाही, म्हणून आजच लिहितो. मला फार आनंद झाला आहे.

राहिलं तुझं विचारणं, न भेटता का गेलो. अगं, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. पाव्हण्यांचं मागणं आलं तेव्हा अख्खं मैदान होय म्हाराजा म्हणालं, मी एकटा तोंड मिटून बसलो. परीक्षकाने असं करायचं नसतं. तुझ्यासमोर आलो असतो तर मी तुझ्याच बाजूचा आहे हे तुला तोंडावर दिसलं असतं.

आईला आता खुशाल कळव. आमचा लोभ तुला ठाऊक आहे, तुझाही असाच राहू दे.

तुझा,
दत्तूमामा