एवढीशी पट्टी अन् चहा

सिंदेवाही, मंगळवार, संध्याकाळ

शेवटी माह्यंच खरं झालं. मी घरीच लग्नपत्रिका बनवते. नव्या कम्प्युटरसाठी दादा सारखे म्हणत होते, "एवढ्याशा पट्टीत काय मावते? मोठी हार्ड डिस्क घे." मी एसएसडीच घेतली, कम्प्युटर झटक्यात उघडणारी. पट्टी खरंच च्युइंगमएवढी. डब्यातून काढताना मलेच भेव वाटलं. चुकली तर नाई ना मी?

जुना कम्प्युटर चालू केला की गिऱ्हाईकासाठी चहा मांडाचा. तो पिऊन होईपर्यंत कम्प्युटर उघडे. आजही सवयीनं बटन दाबून चहा मांडला. उकळी याच्या आधीच पत्रिका पडद्यावर.

दादा पाहतच राह्यले. मग म्हणाले, "आता गिऱ्हाईकाले चहा कवा पाजशील?"

मी म्हटलं, "काम झाल्यावर."