वरच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका

१२ फेब्रुवारी, सोमवार
उंट येऊन गेला. धाकट्याचा मित्र. नाव धाकट्यानेच ठेवलेलं, उंचीवरून. आईने दिलेला चहा प्यायला. मग म्हणाला, "ताई, त्याचा कॅमेरा मला द्याल का? त्याची राहिलेली कामं मी करतो." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "घेऊन जा. वस्तू वापरात राहिलेली बरी." रविवारी ये म्हटलं.
धाकट्याला जाऊन आज दोन महिने.

१३ फेब्रुवारी
देण्याआधी पाहावा म्हणून खिडकीतून आकाशाचा फोटो काढला. वरच्या डाव्या कोपऱ्यात करडा ठिपका. पांढऱ्या भिंतीचा काढला — तिथेच. लेन्स बदलली — तिथेच. म्हणजे धूळ आत, सेन्सरवर.
कुणी घातली ते मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर, वाऱ्यात, लेन्स बदलायची हौस मला आली होती. कॅमेरा उघडा ठेवून लेन्सची टोपी शोधत बसले. "लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या पुसतेस ना? तिथेही असंच करतेस?" एवढंच म्हणाला. पण त्यानंतर कॅमेरा माझ्या हातात दिला नाही. मीही मागितला नाही. आमच्या घरात असंच चालतं.

१४ फेब्रुवारी
रबरी फुग्याने हवा मारली. गेला नाही. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडून सेन्सर पुसायच्या पट्ट्या आणि द्रावणाची बाटली आणली. वरचा डावा कोपरा चार वेळा पुसला. ठिपका जिथल्या तिथे.
आई म्हणाली, "किती जिवाला लावून घेशील? तो उंट बघेल काय ते."
तो का बघेल? घाण माझी.

१५ फेब्रुवारी
धाकट्याचा कॉम्प्युटर उघडला. मूळ फोटोंत ठिपका आहे. लोकांना दिलेल्या फोटोंत नाही. एकेक फोटो हाताने साफ केलेला. तीन वर्षं. दर वेळी माझ्या नावाने खडे फोडले असतील.

१६ फेब्रुवारी
सेन्सरवर चित्र उलटं पडतं. फोटोत वर दिसतो म्हणजे धूळ खाली. सूक्ष्मदर्शकात रोज उलटं बघणारी मी, आणि हे सुचायला दोन दिवस!
खालचा कोपरा पुसला. एकदाच. भिंतीचा फोटो कोरा आला.
बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१७ फेब्रुवारी
उरलेल्या पट्ट्या परत द्यायला गेले. आज कॅमेरा गळ्यात होता; दुरुस्तीवाल्याने त्याच्या पट्ट्यावरची गाठ ओळखली. "हा त्या चष्मेवाल्या मुलाचा ना?" तो गेल्याचं सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.
"दर वेळी म्हणायचो, ठेवून जा, दहा मिनिटांचं काम आहे. ऐकायचा नाही. म्हणायचा, राहू द्या काका, तो ठिपका म्हणजे आमची ताई आहे."
मी विचारलं, "चिडून म्हणायचा?"
"छे, हसत. म्हणायचा, प्रत्येक फोटोत डोकावते. गिऱ्हाइकाला देताना तेवढी बाजूला करतो."
पट्ट्या परत द्यायच्या राहिल्या.
मी कधी मागितलाच नव्हता कॅमेरा.

१८ फेब्रुवारी, रविवार
उंटाला येऊ नको म्हणून कळवलं. गच्चीवर वारा होता. लेन्स काढली आणि कॅमेरा उघडा धरून उभी राहिले.