साहेबांना कळलेली गुगली

बाबा, तुमचे साहेब भेटले. तेच साहेब, ज्यांचा शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन आला की तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावून मग रिसीव्हर उचलायचात. आता सुरतेला मुलीकडे राहतात म्हणे, आमच्या क्रिकेट लीगच्या उद्घाटनाला त्यांना कोणीतरी पाहुणे म्हणून आणलं होतं. इथल्याच अथालच्या ग्राउंडवर, मांडवात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी पाया पडलो, तुमचं नाव सांगितलं, तर माणूस एकदम फुलला. माझा हातच सोडेना. म्हणाले, "अरे, तेरे पापा जैसा सीधा आदमी नहीं देखा. तू बॉलिंग डालता था ना? जब वो उल्टी वाली आती थी, तो पीछे से धीरे से बोल देते थे, साहब, अंदर आएगी." आणि हवेत नसलेली बॅट फिरवून दाखवली. "तीन छक्के मारे थे मैंने! तीन!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. हसलो म्हणजे काय, दात दाखवले. तुमच्यासमोर मी कधी शिवी दिली नाही, पण घरी येताना स्कूटरवर, हेल्मेटच्या आत, दिली. कोणाला दिली ते मलाही सांगता येणार नाही.

तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा भांडायची सोय नाही. म्हणून लिहायला बसलोय. मला एकच गोष्ट हवी आहे, तुम्ही असं का केलंत ते. आणि खरंच केलंत का, तेही. कारण म्हातारी माणसं काहीही बोलतात, आणि हे साहेब तर स्वतःला तेव्हापासूनच फार मोठे बॅट्समन समजायचे.

ती सव्वीस जानेवारीची मॅच आठवते तुम्हाला? दर वर्षीची, साहेबांची टीम आणि स्टाफची टीम. झेंडावंदन झालं की जिलेबी-फाफडा खायचा आणि मॅट अंथरायची. मी दहावीत. स्टाफकडे अकरावा माणूस नसायचा म्हणून मला घ्यायचे, पण त्या वर्षी मी अकरावा नव्हतो, तुम्हीच म्हणालात, आपला पोरगा मेन बॉलर. तुम्ही स्टंपच्या मागे, पांढरी पँट, आईनं शिवलेले गुडघे. आपली खूण ठरलेली. मी रनअपला निघायच्या आधी तुम्ही ग्लोव्हज एकमेकांवर एकदा आपटले तर लेगब्रेक, बॅट्समनपासून बाहेर जाणारा. दोनदा आपटले तर गुगली, दिसायला तशीच पण आत येणारी. काय टाकायचं ते तुम्ही ठरवायचात, मी फक्त टाकायचो. मला ते फार आवडायचं, खरं सांगतो. मैदानात एवढी माणसं आणि त्यात आपलं दोघांचंच काहीतरी चाललेलं. अंपायर म्हणून वलसाडचे एक कोच आलेले असतात. उन्हाळ्यातल्या त्यांच्या कँपला मला घेतील असं तुम्हीच त्यांच्याशी बोलून ठेवलेलं असतं. साहेब बॅटिंगला येतात. पहिले दोन लेगब्रेक, दोन्हींवर साहेब साफ चुकतात. मग तुम्ही दोनदा ग्लोव्हज आपटता. मी गुगली टाकतो, आणि साहेब जणू वाटच बघत असल्यासारखे पुढे येऊन ती कंपाउंडबाहेर घालवतात. पुढच्या ओव्हरला पुन्हा. मग पुन्हा. लेगब्रेक एकही लागला नाही, गुगली एकही सुटली नाही. कोच मला बाजूला घेऊन म्हणाले, लेगब्रेक छान आहे, पण तुझी गुगली हातातूनच दिसते, सुटायच्या आधीच ओळखू येते, आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही शेजारी उभे होता. पॅडचा पट्टा सोडत होता.

घरी येताना मात्र बोललात. "दिसते तर दिसते. लपवायला शिकू." आणि दहावीची परीक्षा संपल्या दिवसापासून अख्खा उन्हाळा आपण गुगली लपवत बसलो. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, भिंतीसमोर. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पाटावर आई, पुढ्यात तांदळाचं सूप. मी चेंडू टाकायचा आणि तुम्ही आईला विचारायचं, "सांग, कुठली होती?" ती बिचारी कायम चुकायची. "मला काय कळतंय तुमचं? दोन्ही सारख्याच दिसतात की." तरी तुम्ही म्हणायचात, "अजून दिसतेय रे. पुन्हा टाक." मी वैतागून एकदा चेंडू फेकून दिला तेव्हा माझ्यावर ओरडलात, "अरे मेल्या, हात लवकर उघडतोस म्हणून मार खातोस!" आणि संध्याकाळी ऑफिसमधून येताना नवा कोरा चेंडू आणलात, लाल, खऱ्या शिवणीचा. आईला म्हणालात, जुन्याची शिवण गेली होती. आता तो चेंडू आठवला की मला कळत नाही, हे बक्षीस होतं की आणखी काही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कँप राहिला तो राहिलाच, मी डिप्लोमा केला, इथेच प्लास्टिकच्या फॅक्टरीत लागलो, आता प्रॉडक्शन बघतो. क्लबसाठी रविवारी खेळतो. पण गंमत बघा, गुगली मी कधीच सोडून दिली, दिसते म्हणून, आणि लेगब्रेकही गेला. वळेनाच. पंचेचाळिशीत म्हटलं, एकदा नीट सुधारून बघू. आमच्याकडे नाशिकचा एक मुलगा आहे, मेंटेनन्सला, इंजिनियर, वर्ष झालं लागून. क्लबचा कीपरही तोच. फार सज्जन. त्यानं स्टंपमागून मोबाईलवर माझं शूटिंग केलं आणि लंच टाइमला कँटीनमध्ये हळूहळू चालवून दाखवलं. "सर, राग मानू नका. तुम्ही लेगब्रेक टाकताय, पण मनगट गुगलीचं आहे. जास्तच वळतंय. हाताची पाठ बॅट्समनकडे जातेय, म्हणून चेंडू फिरतच नाही, नुसता सरळ जातोय." मग म्हणाला, "लहानपणी गुगली खूप टाकली का? खूप टाकली की मनगट असं बसून जातं." मी पोह्यांची बशी बाजूला सारली. म्हणजे साहेबांचं खरं असेल, तर माझी गुगली कधी दिसतच नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं. आणि नसलेला दोष काढता काढता आपण दोघांनी मिळून माझा असलेला लेगब्रेक घालवला.

का पण? बसून बसून मी कारणं शोधलीत. त्या वर्षी तुमची लांब दीव बेटावर बदली होणार अशी बोलवा होती, आणि ती झाली नाही. मग मी म्हणतो, बाबांनी तीन सिक्सर देऊन बदली थांबवली, माझ्याच शाळेसाठी. लगेच वाटतं, अरे, डोंबल! कोण अशानं बदली थांबवतं? मग वाटतं, मी क्रिकेटच्या नादी लागून शिक्षण सोडीन अशी भीती होती तुम्हाला. पण मग तो नवा चेंडू कशाला? कधी वाटतं, काही कारणच नसेल. साहेब दोनदा चुकले, मागे स्टाफ हसला, आणि तुमच्या तोंडातून आपसूक निघून गेलं, जसं साहेबांची फाइल खाली पडली की तुम्ही उचलायचात. यातलं नक्की पहिलं होतं, की दुसरं, की तिसरं, की तिन्ही? परवा आईला सहज विचारलं, बाबांची दीवला बदली होणार होती ना गं? ती म्हणाली, "व्हायची होती ना, दर वर्षीच व्हायची होती." हे एवढंच. पुढचं विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा टाकतेस का.

सराव मात्र सोडला नाही. कंपनीतून सुटलो की अर्धा तास, अर्धा पांढरा रंगवलेला चेंडू घेऊन, म्हणजे फिरतोय की नाही ते दिसतं. नाशिककर समोर. करंगळीशेजारच्या बोटावरून चेंडू निघाला पाहिजे, शिवण स्लिपकडे, पुढचा पाय सरळ, डोकं डावीकडे पडू द्यायचं नाही. शेवटी जमलं कशानं, तर तुमच्या अगदी पहिल्या धड्यानं, मी आठ वर्षांचा असतानाच्या. नळ सोडतो तसं फिरव, बस. म्हणजे शिकवलंतही तुम्हीच. आता राग धरायचा तर कुठे धरू, सांगा.

गेल्या रविवारी वापीच्या क्लबशी मॅच होती. त्यांचा कॅप्टन म्हणजे आमचे शेठ, फॅक्टरीचे मालक. खेळात एकदम मोकळे, "अरे, ग्राउंड पे कोई शेठ नहीं" असं स्वतःच म्हणतात. मी बॉलिंगला, ते बॅटिंगला, मागे नाशिककर. मला खूण करणारं कोणी नव्हतं, मीच ठरवलं. हातातून सुटतानाच बोटाला कळलं. चेंडू वर गेला, शेठ पुढे आले, टप्पा पडला आणि असा वळला, बाबा, वीतभर बाहेर! तीस वर्षांत पहिल्यांदा. शेठची बॅट हवेत, शेठ क्रीजच्या दोन पावलं बाहेर, आणि चेंडू नाशिककरच्या ग्लोव्हजमध्ये. स्वच्छ. मी समोरूनच बघत होतो. बेल्स उडवायला त्याला नुसता हात हलवायचा होता. तो थांबला. मग चेंडू खाली पडला, आणि शेठ मागे वळून क्रीजमध्ये आले. "सॉरी सर, निसटला," तो म्हणाला, पॅडकडे बघत. तो नोकरीत कायम होणार की नाही याचा कागद शेठच्या टेबलावर आहे. तो कागद वर मीच पाठवलाय, तेव्हा मला माहीत आहे. पोरं ओरडली, आमच्या कॅप्टननं डोक्याला हात लावला. शेठ पुढे मनसोक्त खेळले आणि आम्ही हरलो. मी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, होतं असं. सगळे म्हणाले, सरांचं मन मोठं.

मन कसलं मोठं! हे पत्र कुठेच जायचं नाही, आई झोपाळ्यावरून दोनदा विचारून गेली, काय लिहितोयस एवढं, तिला म्हटलं कंपनीचं. तेव्हा लिहूनच टाकतो. महिनाभर तुमच्यावर चिडलोय, अजूनही चिडलेलोच आहे. पण शेठ माझ्या चेंडूवर आउट होता होता राहिले, चेंडू नाशिककरच्या हातातून खाली पडला, त्या क्षणी मला राग आला नाही. बाबा, मला हायसं वाटलं.