कॅप्टन चिंबचं सहावं बोट

वेलिंग्टन,
३ सप्टेंबर २०१२

ती. मर्ल आत्या हिस,
टेसचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून लिहायला बसले. सिनेमा तयार झाला. बाबांच्या चित्रकथेतला कॅप्टन चिंब एकवीस तारखेला पडद्यावर येतोय आणि त्याआधी मी पाच मिनिटं बोलायचं ठरलंय. दिग्दर्शक भला माणूस आहे. म्हणाला, रडवू नकोस हं बाई, पिक्चर विनोदी आहे, लोकांना हसवून बसव.

रडवण्याची भीती त्याला आहे, मला नाही. आत्या, खरं सांगते, बाबांना जाऊन सहा महिने झाले, पण माझ्या डोळ्यातून टिपूस आलेलं नाही. अंत्यविधीच्या दिवशी मी अंड्याची सँडविचं वाटत होते. कोणी किती खाल्ली तेही आठवतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले आहे. माझं बाबांवर प्रेम होतं की नाही, हेसुद्धा आता छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा बाईनं स्टेजवर उभं राहून काय बोलायचं?

परवा चित्रीकरणाच्या गोदामात गेले होते. जाईल तिथे पाऊस पडतो हीच ज्याची शक्ती आणि हीच पंचाईत, असा आपला कॅप्टन त्यांनी हुबेहूब उभा केलाय. बाबांना हातांचं चित्र जमत नसे, म्हणून चौदा अंकांत, एक नववा सोडला तर, त्याचे हात रेनकोटच्या खिशात. तर इथे त्या नटालाही हात बाहेर काढायची बंदी! फक्त शेवटी, नवव्या अंकातल्यासारखा, तो एकदाच हात बाहेर काढतो. पूर आलाय, एक लहान मुलगी त्याच्या कोटामागे लपलीये, आणि हाताला सहा बोटं. सिनेमाच्या वस्तू बनवणाऱ्या कीरीनं करंगळीपलीकडे इवलंसं सहावं बोट असलेला, हातमोज्यासारखा घालायचा रबरी हात केलाय. तो दाखवला की गोदामातले सगळे पोट धरून हसतात. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

बाबांची एखादी गंमत कळव. हसवण्याजोगी.

तुझी,
टेस

ग्रेमाउथ,
८ सप्टेंबर

चि. टेस हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे नदीला बारके मासे लागलेत. माझी जाळी शेजारच्या डग्लसच्या जागेत दोन वीत सरकली, तर तो अजून माझ्याशी बोलत नाही. तेवढीच शांतता! काल त्यांची धिरडी केली, अंडं जास्त झालं. तुझा बाबा लायल असता तर म्हणाला असता, मासा शोधायला होडी काढावी लागेल.

गंमत हवी ना? तुझ्या बाबानं लग्नातही रेनकोट घातला होता. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, पण आमच्या या किनाऱ्यावर उन्हावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता. पाद्रीबुवांनी कोट काढायला सांगितल्यावर म्हणाला, पाऊस पडणार नाही असं आधी तुमच्या वरच्या साहेबांकडून लेखी आणा. तुझी आई हसत सुटली, आणि होकाराच्या जागी तिची उचकीच ऐकू आली. हे सांग, लोक हसतील.

प्रेमाचं म्हणशील तर तू उगाच डोकं शिणवू नकोस. गरम काहीतरी खात जा.

तुझी,
मर्ल आत्या

ग्रेमाउथ,
१० सप्टेंबर

चि. टेस,
आशीर्वाद.

दोन दिवसांत दुसरं पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. पण त्या रबरी हाताचं वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. छत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे.

आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे. लायल पेन्सिलीनं पान काढायचा. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला लावून, वर कोरा कागद धरून, शाईनं गिरवायची. नवव्या अंकाच्या वेळी तू दोन वर्षांची होतीस. त्या दिवशी तू त्याचा डावा हात सोडेनास. त्यानं खूप समजावलं, बिस्किटाची लाच दाखवली, पण तू करंगळीला चिकटलीस ती चिकटलीसच. शेवटी त्यानं तो हातच समोर धरून काढला. आयुष्यात धड काढलेला एकुलता एक हात. कोटामागची ती मुलगी तूच आहेस, टेस. आणि करंगळीपाशी पुढे आलेलं ते बोट तुझं आहे.

पान माझ्याकडे आलं तेव्हा नदीला मासे लागले होते आणि मला भरती गाठायची होती. मी भराभर गिरवलं. दोन बोटांमधली फट बुजली आणि तुझं बोट त्याच्याच पंजाला जोडलं गेलं. पान तसंच छापून आलं. गावभर टिंगल झाली, वाचकांची पत्रं आली. लायलनं पुढच्या अंकात उत्तर छापलं, की सहाव्या बोटानं कॅप्टन वारा कुठून येतो ते बघतो. माझं नाव त्यानं घेतलं नाही. मला म्हणाला, मर्ल, मासे मिळाले ना? मग झालं तर. मला त्याची माफी मागायची होती, आणि तो मार्चमध्ये गेला.

पेन्सिलीचं मूळ पान सोबत पाठवते आहे. समासात त्यानं बाण काढून मला लिहून ठेवलं होतं, ते वाच. मी तेव्हा वाचलं नव्हतं.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र टाक.

तुझी,
मर्ल आत्या

वेलिंग्टन,
२४ सप्टेंबर

ती. मर्ल आत्या हिस,
सा. न. वि. वि.

पान सुखरूप पोचलं. बाणापुढे लिहिलंय: 'हे माझं नाही, टेसचं आहे. फट ठेव.' मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि शुक्रवारी तसंच नेलं.

लग्नातल्या रेनकोटची गोष्ट सांगितली. लोक खूप हसले; पाच मिनिटं कुठे गेली कळलं नाही. मग अंधार झाला. शेवटी पूर आला, कॅप्टननं हात बाहेर काढला, आणि सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतली पोरं मोठ्यानं बोटं मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला मी हात वर केला. अंधारात कोणाला दिसलं नाही. रडू तेव्हाही आलं नाही, आत्या. ते येईल की नाही, माहीत नाही. पण आठशे माणसं माझ्या बोटाला हसत होती, आणि मला तिथून उठावंसं वाटलं नाही.

फट बुजल्याचं मी कोणाला सांगितलं नाही. बाबांनी तुला पकडून दिलं नाही, मीही देणार नाही. डग्लसला त्याची दोन वीत जागा परत दे म्हणजे झालं.

निघताना कीरीनं तो रबरी हात मला देऊन टाकला. सकाळी टेबलावर ठेवून बघितला. सहाव्या बोटात माझं बोट आता जात नाही. मग त्याची करंगळीच धरली. एक तास झाला, सोडलेली नाही. हे सगळं पत्र एका हातानं लिहिलंय, अक्षर सांभाळून घे.

तुझीच,
टेस