नळाच्या आवाजाआड

वर्तकनगर, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय शीला,

आईंचे गुडघे कसे आहेत? तुला माहेरी, कोपरला जाऊन नऊ दिवस झाले. शेजारच्या शुभदावहिनींना मी गुडघ्यांचंच कारण सांगतो, पण तू त्यासाठी गेलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. आपल्या अंतराच्या हळदीला लग्नाचे धवले गाणारी धवलारीण नको, डीजे लावू, असं मी म्हणालो. धवलारीण म्हणजे तुझीच आई. तू बॅग भरलीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

इकडे आमटीत मीठ कधी जास्त, कधी नाहीच. रविवारी अंतरा मला तिचे ते छोटे सिनेमे दाखवते, ज्यांत एकही नट ओळखीचा नसतो. हसशील, पण मला त्यांची गोडी लागलीये. सिनेमातल्या कुणी रेकॉर्ड लावली की मी सिनेमा थांबवून वहीत टिपून ठेवतो आणि आठवडाभर शोधून ऐकतो. पोर्तुगालची फादो गाणी काय, राजस्थानातलं कमायचा हे तंतुवाद्य काय! बँकेत तीस वर्षं शिक्के मारले, आता कुठे कान उघडलेत.

मागच्या सिनेमात लग्नघर होतं. हळदीच्या ताटाशी बसून एक म्हातारी गात होती, ना पेटी ना तबला. शब्द नीट लागत नव्हते, खाली इंग्रजी अक्षरं धावत होती. माझ्या अंगावर काटा आला. वहीत लिहिलं, 'कुठल्या प्रांतातलं? शोधणे.' अंतरा माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, अहो धवला आहे हा. आई भांडी घासताना म्हणते तो."

काखेत कळसा नि गावाला वळसा! लग्नाच्या पहिल्या वर्षी तू गॅलरीत गायचीस, आणि सोसायटीतले काय म्हणतील म्हणून मी दार लावून घेतलं होतं. मग तू भांडी घासताना नळ सोडून गायला लागलीस. पाणी वाया घालवतेस म्हणून त्यावरूनही मी बोललो. लाज वाटते गं.

काल डीजेवाल्याला नको म्हणून कळवलं. आईंना सांग, नातीची हळद त्यांनीच गायची. पाट नको, खुर्ची मी मांडतो. आणि त्यांच्यामागून तू म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी समोरच बसेन. पण त्याआधी घरी ये. गॅलरीचं दार उघडं ठेवलंय.

तुझाच, उशिरा का होईना ऐकायला लागलेला,
त्र्यंबक