जुनी प्रत पुसण्याआधी

३ जून
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा, न करकरणारी खुर्ची. आणखी काय हवं? कंपनी डेटाबेसचं सॉफ्टवेअर बनवते. फायलींची कॉपी एका ऑपरेटिंग सिस्टीमवर झटपट होते, दुसरीवर रडतखडत, कारण आमचा प्रोग्रॅम वाटीवाटीने टाकी उपसतो. कॉपीचं ते ओझं प्रोग्रॅमवरून काढून थेट ऑपरेटिंग सिस्टीमवर टाकायचं, एवढंच माझं काम. लोक म्हणतात फाइल हलवली. खरं तर हलत काहीच नाही. नवी प्रत काढायची, जुनीशी ताडून पाहायची, मग जुनी पुसायची. बायको म्हणाली, अंघोळीला तासभर लावणारा माणूस म्हणे वेग वाढवणार. ओळखपत्रासाठी काचेच्या खोलीत बसवून माझं नखशिखांत स्कॅनिंग केलं. साध्या फोटोचा केवढा थाट.

९ जून
वेग वाढला, पण साहेबांचं समाधान नाही. ताडून पाहण्यातच निम्मा वेळ जातो, ते काढून टाका, म्हणाले. मी विचारलं, नव्या प्रतीत फरक निघाला तर? जुनी तर पुसलेली असेल. ते म्हणाले, गिऱ्हाईक घड्याळ बघतं, फरक नाही. पटलं नाही, तरी काढलं. पाठीवर थाप मिळाली, आणि मला निर्लज्जाला ती आवडली.

१३ जून
घरी आलो तर बायको दारातच गोंधळली. म्हणाली, मघाशीच चहा पिऊन तुम्ही आत आडवे झालात ना. आत कोणी नव्हतं. चादर मात्र ऊबदार होती. ती हसली, म्हणून मीही हसलो.

१४ जून
माझ्या खुर्चीत मीच बसलेला. तोच शर्ट, मान चोळायची तीच खोड. साहेबांनी शांतपणे समजावलं, माणसं कुरकुरायला लागली की इथे त्यांनाही, काचेच्या खोलीतल्या त्या स्कॅनवरून, याच प्रोग्रॅमने हलवतात. पूर्वी महिने लागायचे, तुमच्यामुळे जेवणाच्या सुट्टीत उरकलं, म्हणाले. वर आभार मानले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. इथे गोतही मीच.

१५ जून
तो घरी आहे. चिडत नाही, भांडी घासतो. बायको त्याच्याशी हसून बोलते. इतकी माझ्याशी कधी — मला दारातच विचारलं, कोण हवंय. लेकीने मात्र ओळखलं. मी तिला टिटवी म्हणतो, तो नावाने हाक मारतो. फरक आहे. देवा, फरक आहे —

१६ जून
डाव्या हाताची बोटं दिसत नाहीत. पुसणं सुरू — टिटवी आईला ओरडून सांगतेय, हा बाबा नाही, बाबा बाहेर — फरक सापडलाय. पण ताडून पाहणारं आता कोणी — ते मीच काढू