आतल्या खोलीतली हाक

४ मार्च
शिरगावच्या या फ्लॅटमध्ये सकाळी बॅग टेकवली आणि जीव सुखावला. भरपूर उजेड, गॅलरीतून डोंगर दिसतो. उल्हासनगरच्या मागच्या ड्युटीत बाथरूमच्या दाराशी झोपायला लागायचं, त्यामानाने ही लॉटरीच. एजन्सीच्या भारती मॅडमनी या वेळी बरं घर दिलं. पेशंट विठाआजी, ऐंशीच्या आसपास. मुलगा राजेश अंबरनाथ एमआयडीसीत सुपरवायझर, राहतो तिकडेच. वडील दौलतराव गेल्या पावसाळ्यात वारले, तेव्हापासून आईचं लक्षण ठीक नाही म्हणाला. हाक मारली तर ओ देत नाही, फोन उचलत नाही, बेल वाजली तरी ढिम्म. कान तपासले, ठणठणीत आहेत. शेवटी त्याला पटलं की आईपाशी चोवीस तास माणूस हवं. सांगताना रडला. अशी मुलं मला आवडतात.

७ मार्च
म्हातारी महाखडूस. चहा मोरीत ओतते, मला भवानी म्हणते. एरवी तोंड चालूच, पण नावाने हाक मारली की गप्प. आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही. तिथे दौलतरावांचा पलंग आहे. कित्येक वर्षं ते अंथरुणाला खिळलेले, बायकोशिवाय कुणाला हात लावू देत नसत. सारखं पाणी मागायचे, उशीर झाला की तांब्या फेकून मारायचे. आजीच्या कपाळावर व्रण आहे. मेला ते बरं झालं, असं माझ्या मनात आलंच.

९ मार्च
भर दुपारी जेवताना आजी थरथरायला लागली. तो आतून पाणी मागतोय म्हणाली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, अशा पेशंटशी वाद घालायचा नाही, हो ला हो करायचं. म्हणून मी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "ओ आबा, आले हं, पाणी आणते." भांडं भरून पलंगापाशी ठेवलं. आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग पोटभर जेवली. याला म्हणतात अनुभव.

१० मार्च
भांडं रिकामं होतं. आटलं असेल. चादर मात्र कुणी लोळल्यासारखी चुरगळलेली.
आजीने आज हाकेला चक्क ओ दिली. राजेश फोनवर म्हणाला, माझ्या हाताला यश आहे.

१२ मार्च
भांडी घासताना कुणीतरी शालन म्हणालं. पुरुषाचा आवाज, घशात कफ अडकलेला. आजी गॅलरीत वेणी घालत होती. नळ बंद केला. पुन्हा तेच — शालन, पाणी. माझं नाव त्याला कुणी सांगितलं?

१३ मार्च
आजीला सरळ विचारलं. हसली. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते, जो देतो त्याला तो धरतो, हे त्यांच्या गावात पोरंसुद्धा जाणतात म्हणे. तो कुणाचाही आवाज काढेल, म्हणून ती कुणालाच ओ देत नव्हती. "मी मुद्दाम नाय सांगितला तुला. जलमभर मी केला त्याचा. आता तू कर." तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजून वाटतेय.

१४ मार्च
राजेश आजीला न्यायला आला, आई बरी झाली म्हणून. मीही बॅग उचलली. दाराशी पोचले आणि आतून हाक — माझ्या तोंडातून आपोआप ओ गेली. पाय मागे वळले. राजेश घाबरून बघत होता. आजी त्याला म्हणाली, हिचंच डोकं फिरलंय, हिलाच कुणीतरी बघायला हवं. मॅडमला फोन करतो म्हणाला. गेले दोघं.

१५
पाणी दिलं. गार नव्हतं. तांब्या — डोळ्यावर रक्त येतंय —

१६
पाय दाराकडे वळतच नाहीत. तोंडात ओढणी कोंबून बसलेय. आतून हाका चालूच. ओ जायला नको —

बेल. दारापलीकडून कुणीतरी शालन, शालन म्हणतंय. बाईचा आवाज. भारती मॅडम? की तोच, आवाज बदलून — ओ दिली तर — नाही दिली तर त्या परत जातील —

दाराबाहेरच्या हाका थांबल्या. जिन्यात पावलं उतरतायत. मॅडमच आहेत, मॅडमच — ओढणी काढते, एकदाच, जोरात —